रुसाल्का: रूप ठेवलं, मरण काढून घेतलं

डोहकाठ (मूळ धागा)

द्वोर्झाक या चेक संगीतकाराचा ‘रुसाल्का’ हा ऑपेरा बहुतेकांना एका गाण्यामुळे माहीत असतो. तळ्यातली मुलगी चंद्राला विनवते की माझ्या राजपुत्राला शोध आणि सांग, इथे त्याची कोणीतरी वाट पाहतं आहे. गाणं अप्रतिम आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे त्या मुलीबद्दल.

रशिया, युक्रेन, बेलारूसच्या खेड्यांत रुसाल्का म्हणजे मेलेली मुलगी. बुडालेली, स्वतः जीव दिलेली, किंवा लग्न ठरल्यावर आणि अक्षता पडण्याआधी गेलेली. वाट्याचं आयुष्य पुरं झालं नाही म्हणून ती परत येते. ईस्टरनंतर सुमारे पन्नास दिवसांनी ट्रिनिटीचा सण येतो, त्याच्या मागचापुढचा आठवडा तिचा. त्या दिवसांत पाण्यात उतरायचं नाही, कपडे धुवायचे नाहीत, सुईदोरा हातात घ्यायचा नाही. ती उघडी हिंडते म्हणून बायका झाडांच्या फांद्यांवर सूत, कापडाचे तुकडे, सदरे टांगून ठेवत. जवळ लसूण बाळगायचा, नाहीतर आपल्या दवण्याच्या जातकुळीतली एक कडू वनस्पती. तिने गाठलं तर गुदगुल्या करकरून जीव घेते.

आता ऑपेरा पाहा. १९०१ साली प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात तो पहिल्यांदा झाला, संहिता यारोस्लाव क्वापिलची. यातली रुसाल्का कधी माणूस नव्हतीच. ती जन्मतःच पाण्यातली, वोद्निक या जलपुरुषाची लेक. तिला माणसाचा आत्मा हवा आहे, त्यासाठी येझिबाबा ही चेटकीण तिचा आवाज घेते, राजपुत्र फसवतो. फुकेच्या कथेतली जलकन्या ‘उंडीन’ (१८११) आणि अँडरसनची छोटी जलपरी (१८३७) या दोघी इथे स्लाव कपडे घालून आल्या आहेत.

माझा आक्षेप एवढाच: ती कधी माणूस नसेल तर तिला कोणी मारलंही नाही. गावातली रुसाल्का कोणाची तरी लेक होती आणि तिने उडी का मारली हा प्रश्न गावावर टांगलेला होता. साहित्याने तिचं रूप ठेवलं आणि मरण काढून घेतलं. उरली फक्त विरहिणी.

सई-सांज

डोहकाठ, एका ऑपेराच्या अपराधाची शिक्षा तुम्ही सगळ्या साहित्याला देता आहात. पुश्किनच्या ‘रुसाल्का’ या अपुऱ्या राहिलेल्या नाटकाला तुम्ही हातही लावला नाहीत, आणि तिथे तुमचा प्रश्न अगदी उघडपणे विचारलेला आहे.

नीपर नदीच्या काठी पाणचक्की. चक्कीवाल्याच्या मुलीवर राजपुत्राचं प्रेम. तो दुसरीकडे लग्न ठरवतो आणि निरोप घ्यायला येताना सोनं आणतो. ही पोटुशी आहे. ती नदीत उडी घेते. पण नाटक सुरूच कुठून होतं? बाप लेकीला शिकवतो आहे की पुरुषाकडून चार पैसे, चार वस्तू पदरात पाडून घ्यायला हव्या होत्यास! म्हणजे दोषी एकटा राजपुत्र नाही. पुढे तोच बाप वेडा होतो, स्वतःला डोमकावळा समजून रानात फिरतो. मुलगी पाण्याखाली रुसाल्कांची राणी झालेली आहे, सात वर्षं रोज सुडाचा विचार करते आहे, आणि पाण्यातच जन्मलेली तिची लेक राजपुत्रासमोर येऊन उभी राहते. इथे नाटक तुटतं. पुश्किन गेल्यावर १८३७ मध्ये ते छापलं गेलं. दार्गोमिझ्स्कीने १८५६ मध्ये त्याचा ऑपेरा केला, त्यात राजपुत्र शेवटी नदीत ओढला जातो.

यात मरण कुठे काढून घेतलं आहे? उलट गावाकडे ‘बुडालेल्या मुली’ एवढा एक गठ्ठा होता. त्यातल्या एकीला घर, बाप, प्रियकर आणि कारण दिलं ते पुश्किनने.

गोगोलची ‘मे महिन्यातली रात्र’ (१८३१) ही कथा घ्या. सावत्र आईच्या छळामुळे घराबाहेर काढलेली सरदाराची मुलगी तळ्यात जीव देते. कथेतल्या लेव्को या तरुणाकडे ती प्रेम मागत नाही. बुडालेल्या मुलींच्या घोळक्यात वेश पालटून लपलेली सावत्र आई ओळखून दे, एवढंच मागते. लेव्को ओळखतो, कारण इतरांची शरीरं पारदर्शक आहेत आणि एकीच्या आत काहीतरी काळं दिसतं. ही न्यायाची गोष्ट आहे, विरहाची नव्हे.

जुनं पान

सईताईंशी बराचसा सहमत, पण मला दोघांनाही एक सांगायचं आहे. गावाला इतकं हळवं करू नका.

दिमित्री झेलेनिनने १९१६ मध्ये रशियन लोकसमजुतींवर जो ग्रंथ लिहिला, तो अकाली मेलेल्यांवर आणि रुसाल्कांवरच आहे. त्याने मृतांचे दोन वर्ग दाखवले. आयुष्य पुरं करून गेलेले ते पूर्वज, त्यांना मान. बुडालेले, फास घेतलेले, अपघाती गेलेले ते दुसरे, त्यांना जमीन घेत नाही अशी समजूत. म्हणून त्यांना दफनभूमीत जागा नाही. जुन्या काळी अशी प्रेतं गावाबाहेरच्या खड्ड्यात टाकून ठेवत आणि ईस्टरनंतरच्या सातव्या गुरुवारी, सेमिकच्या दिवशी, सगळ्यांचा एकदमच विधी उरकत. तारखेकडे लक्ष द्या: हा रुसाल्कांच्याच दिवसांतला काळ.

आणि पाऊस लांबला, पीक बिघडलं, की दोष याच मृतांचा. तेराव्या शतकात व्लादिमीरचा बिशप सेरापिओन आपल्या प्रवचनात लोकांवर चिडतो आहे की बुडालेल्यांची, फाशी गेलेल्यांची प्रेतं उकरून काय देवाला शांत करणार आहात? म्हणजे मेल्यावरही त्या माणसाला सुटका नव्हती. डोहकाठ म्हणतात तसा प्रश्न गावावर टांगलेला असेलही, पण उत्तर म्हणून गावाने बुडालेल्या मुलीलाच धोका ठरवलं. कोणाला जाब विचारला नाही.

डोहकाठ

जुनं पान, सेमिकचा मुद्दा फार मोलाचा. पण त्यातूनच माझं म्हणणं बळकट होतं. ज्या गावाने तिला खड्ड्यात टाकलं, त्याच गावाच्या बायका वर्षातून एकदा तिच्यासाठी फांदीवर सदरा टांगत होत्या. भीती आणि माया एकाच हातात. पुश्किन-गोगोलपर्यंत हे टिकलं हे मला मान्यच आहे. पण जगभर पोहोचली ती कोण? प्रागची. तिच्यासाठी कोणी सदरा टांगणार नाही.

राई-ओंबी

तुम्ही तिघंही तिला पाण्यातून बाहेरच येऊ देत नाही आहात. रुसाल्का पाण्याइतकीच शेताची आहे! त्या आठवड्यात ती राईच्या (मोहरी नव्हे, गव्हासारखं ‘राय’ हे धान्य) पिकात पळते, आणि ती जिथून पळाली तिथे पीक दाट येतं अशी समजूत होती. आठवडा संपला की गावातल्या मुली वाजतगाजत तिला शिवेबाहेर, राईच्या शेतापर्यंत पोहोचवून येत. लोकसाहित्याचा अभ्यासक व्लादिमीर प्रॉपने शेतीच्या सणांवरच्या १९६३ च्या पुस्तकात तिचा विचार याच अंगाने केला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निकिता तोल्स्तोय यांच्या नेतृत्वाखाली पोलेस्येच्या दलदली भागात गावोगाव जाऊन जी माहिती गोळा झाली, तिच्यातही राईतली रुसाल्का ठिकठिकाणी भेटते.

आणि रूपाचं म्हणाल, तर उत्तर रशियात ती केसाळ, लोंबत्या स्तनांची भयाण बाई आहे. मोकळ्या केसांची सुंदर तरुणी मुख्यतः दक्षिणेकडची, युक्रेनची. लेखकांनी त्यातली एकच उचलली. मला खटकतं ते हे. साहित्याने मरण काढून घेतलं असेल-नसेल, शेत मात्र नक्की काढून घेतलं.

मंद्र सप्तक

प्रागच्या बाजूने कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो.

क्वापिलपुढे एकटा अँडरसन नव्हता, चेक कवी कारेल एर्बेनही होता. एर्बेनच्या ‘कितित्से’ (१८५३) या संग्रहातली ‘वोद्निक’ ही कविता वाचा. तळ्याकाठच्या पॉप्लरवर हिरव्या कोटातला जलपुरुष संध्याकाळी बसला आहे, लग्नासाठी बूट शिवतो आहे, आणि चंद्राला म्हणतो, चमक रे, मला दोरा दिसू दे. दुसऱ्या दिवशी आईचं न ऐकता मुलगी तळ्यावर धुणं धुवायला जाते आणि पायाखालची फळी मोडते. पुढे तिला मूल होतं. आईला एकदा भेटायला तो सोडतो, पण बाळ ओलीस ठेवून. आई तिला परत जाऊ देत नाही. रात्री वादळात दारावर काहीतरी आपटतं. उंबऱ्यावर बाळाचं डोकं एकीकडे आणि धड दुसरीकडे.

द्वोर्झाकने या कवितेवर १८९६ मध्ये सिंफनी-काव्य, म्हणजे वाद्यवृंदातून गोष्ट सांगणारी रचना, रचलं. म्हणजे रुसाल्काचं चंद्राचं गाणं बांधणाऱ्या माणसाने आधी त्या दुसऱ्या चंद्राखालचा खून संगीतात उतरवला होता. ऑपेरात वोद्निक हळहळणारा बाप होतो, कबूल. पण शेवटी राजपुत्र परत येतो आणि तिच्या चुंबनाने मरतो, मरणार हे माहीत असून ते मागतो. ज्याला यात मरण दिसत नाही त्याने फक्त एकच गाणं ऐकलं आहे.

डोहकाठ

राजपुत्राचं मरण आहे हो, मुलीचं नाही. मी मुलीबद्दल बोलतो आहे. एर्बेनची कविता मात्र सगळ्यांनी वाचावी, त्यात शंका नाही.

सई-सांज

मग युक्रेनची कवयित्री लेस्या उक्राइन्का हिला कुठे बसवाल? ‘वनगीत’ (१९११) हे तिचं नाटक. त्याची नायिका माव्का; लोकसमजुतीत माव्का हीसुद्धा बहुधा मेलेलं मूल किंवा मुलगी. लेस्याने तिला वसंतात जागी होणारी रानातली मुलगी केली, म्हणजे तुमच्या भाषेत मरण काढून घेतलं. हे अजाणतेपणी नाही झालं. तिची आई ओलेना प्चिल्का लोकसाहित्य गोळा करणारी, लेस्याही गाणी टिपून घेणारी, आणि माव्काची गोष्ट तिने लहानपणी आईकडूनच ऐकलेली. व्होलिनच्या जंगलांपासून दूर, जॉर्जियातल्या कुताइसीत, आजारी असताना तिने हे लिहिलं. बाप्तिस्म्याआधी मेलेली बाळं, पोतेर्चाता, तिने त्याच नाटकात ठेवली: रुसाल्काच्या सांगण्यावरून ती दिवे दाखवून लुकाशला, म्हणजे माव्काच्या प्रियकराला, दलदलीत नेतात.

राई-ओंबी, तुमच्यासाठीही त्यात एक प्रवेश आहे. लुकाशच्या आईने माव्काला राई कापायला लावलेलं असतं. शेतातली रुसाल्का येऊन विनवते की माझं पीक आज कापू नकोस. माव्का विळ्याने स्वतःचा हात कापून घेते आणि कापणी थांबते.

राई-ओंबी

हा प्रवेश असेल तर ‘शेत काढून घेतलं’ हे मी लेस्यापुरतं मागे घेते. रशियन लेखकांपुरतं नाही.