उत्तर: गेज दोन दिवसांत बदलतो का?

१८८६ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या रेल्वेंनी दोन दिवसांत गेज (दोन रुळांमधलं अंतर) बदलला, मग आज का नाही, हा मुद्दा मला पटत नाही. तिथे रूळ फक्त ३ इंच आत घ्यायचा होता. स्लीपर (रुळांखालचे आडवे आधार) लाकडी, आतले खिळे आधीच ठोकून ठेवलेले. आजच्या काँक्रीटच्या स्लीपरवर रूळ पकडणाऱ्या क्लिपांची जागा ओतकामातच ठरते, म्हणून तो असा सरकवता येत नाही.

यावर स्पेनने काढलेला मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. तिथला जुना गेज १६६८ मिमी, शेजारच्या फ्रान्सचा १४३५. त्यामुळे अनेक जुन्या मार्गांवर नूतनीकरण करतानाच दोन्ही गेजना चालतील असे स्लीपर टाकले गेले. पुढे कधी बदलायचं ठरलं तर स्लीपर उखडावे लागणार नाहीत.