चिनी च्वान-यी खुर्ची : हाताचा सांधा हलतोय, काय करावं?

चौरंग
नालेच्या आकाराची, पाठ आणि हात एकाच वळणात असलेली जुनी चिनी खुर्ची आहे (च्वान-यी). उजव्या बाजूला मागच्या खांबाजवळ हाताला सांधा आहे, तो दाबला की मिलिमीटरभर हलतो. खिळा-स्क्रू कुठेच नाही. बैठक फळीची आहे, पण चौकटीला खालून बुजवलेल्या भोकांची रांग दिसते. विकणारा लाकूड ह्वांग-ह्वा-ली सांगतो. सांध्यात फेविकॉल भरून आवळू का? आणि लाकूड ओळखायचं कसं?

पटाशी
फेविकॉल नको, इपॉक्सी तर मुळीच नको. हा सांधा चिकटपणावर उभाच नाही.

ती वळणदार दांडी तीन किंवा पाच तुकड्यांची असते. (तीन तुकड्यांना मोठं लाकूड लागतं, म्हणून तिची किंमत जास्त. तुमच्या खुर्चीचे सांधे मोजा : दोन की चार?) सांध्यात भेटणारी दोन्ही टोकं अर्धी-अर्धी कापून एकमेकांवर बसवलेली असतात. प्रत्येक टोकाला एक बारीक जीभ असते, ती समोरच्या तुकड्याच्या खाचेत शिरते, त्यामुळे तुकडे वर-खाली सरकत नाहीत. मग मधल्या चौकोनी भोकातून एका टोकाला किंचित निमुळती पाचर ठोकतात. ती दोन्ही तुकडे लांबीच्या दिशेने ओढून धरते. तुमची बहुधा हीच पाचर सुकून बारीक झाली आहे. एसीच्या खोलीत हे हमखास होतं.

सांध्याच्या दोन्ही बाजूंना पाचरीच्या टोकांचे चौकोन शोधा, एक लहान, एक मोठा. लहान चौकोनाच्या बाजूने लाकडी ठोकणीने हलके ठोकलं की पाचर मोठ्या बाजूने बाहेर येते. येत नसेल तर जुना सरस धरून असेल. गरम पाण्यात पिळलेलं फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवा, सरस मऊ होतो. जोर लावून हात उपटायचा नाही, आतली जीभ आधी तुटते आणि ती परत लावणं हे खरं अवघड काम.

नवी पाचर तितक्याच घट्ट लाकडाची, रेषा लांबीच्या दिशेने. हाताने दाबून जवळजवळ पूर्ण बसली पाहिजे, शेवटचे एक-दोन मिलिमीटर मोगरीने. त्याहून जास्त ठोकलीत तर भोकाच्या कडेने चीर जाते. सरस लावायचाच असेल तर पातळ, आणि आधी तेलकट लाकूड स्पिरिटने पुसून. वळणावर शिकंजा घसरतो, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून आवळा. जुनी पाचर टाकून देऊ नका.

वेतकाम
ती भोकं म्हणजे मूळची बैठक विणलेली होती. खाली ताडवर्गीय झाडाच्या तंतूंची जाळी, वर वेताची बारीक चटई, चटईची कड खाचेत दाबून वरून लाकडी पट्टी. फळी नंतर बसवली. बैठकीखालच्या दोन वाकलेल्या आडव्या दांड्या पाहा : बसणाऱ्याचं वजन पडून जाळी खाली झुकली तरी दांडीला लागू नये म्हणून त्या वाकवतात.

परत विणायची असेल तर तंतूंऐवजी काथ्याची बारीक दोरी चालते. वेत अर्धा तास भिजवून विणा. पण ओल्या वेताला फार ताणू नका, सुकताना तो आणखी आवळतो आणि चौकटीच्या बाजू आत वाकतात. कोपऱ्याचे तिरके सांधे उघडले की समजावं, ताण जास्त झाला. माझ्या मते मात्र फळी भक्कम असेल तर असू द्या. तीही आता त्या खुर्चीच्या इतिहासात जमा आहे.

भुसा
लाकडाबद्दल. ह्वांग-ह्वा-ली हे हैनान बेटावरचं, आपल्या शिसवाच्याच कुळातलं (डालबर्जिया). सोनेरी ते लालसर तपकिरी, ताज्या कापाला सुगंध, गाठींभोवती चेहऱ्यासारखी नक्षी. पण या नावाखाली व्हिएतनामचं जवळचं लाकूडही विकलं जातं आणि नुसत्या डोळ्यांनी फरक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चिनी फर्निचरचं दुसरं नावाजलेलं लाकूड, काळपट जांभळं, पाण्यात बुडणारं त्झ-थान म्हणजे आपलं आंध्रातलं रक्तचंदन. त्याचा भुसा स्पिरिटमध्ये टाकला की लाल रंग सुटतो. खात्री हवी तर बैठकीखालून नखाएवढा तुकडा काढून बंगळुरूच्या लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेकडे तपासता येईल.

वय पाहायचं तर खालून पाहा. बैठकीच्या खालच्या अंगाला ओलाव्यापासून बचावासाठी तागासारखं कापड आणि लॅकरचा थर देत. त्याचे अवशेष असतील तर चांगली खूण. गोल करवतीचे वर्तुळाकार ओरखडे दिसले तर तो भाग नवा. पायांमधल्या आडव्या दांड्या : पुढची सगळ्यात खाली, बाजूच्या जरा वर, मागची सगळ्यात वर. एकाच उंचीवर दोन खोबणी आल्या तर पाय तिथे कमकुवत होतो, म्हणून ही युक्ती. पुढच्या दांडीवर पाय ठेवून ठेवून मधोमध झीज हवी. सगळीकडे सारखी झीज म्हणजे सँडपेपरची. आणि बैठकीची उंची मोजा, पन्नास सेंटिमीटरच्या आसपास हवी. बरीच कमी असेल तर ओल्या जमिनीवर कुजलेले पाय कापलेत.

चौरंग
सांधे दोन. उंची ४६. पुढची दांडी जमिनीला जवळजवळ टेकली आहे.

भुसा
मग पाय कापलेत. किंमत ठरवताना ते सांगा. जोडून उंच करायच्या भानगडीत पडू नका, लाकूड जुळत नाही. आणि परदेशी न्यायची किंवा परदेशातून आणायची असेल तर आधी साइटीसची (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं पाहा. जानेवारी २०१७ पासून डालबर्जियाच्या सगळ्या जाती त्या कराराच्या यादीत आहेत.