नोटांचे रंग आणि गल्ल्यावरचा भाचा
विशेष शाळांतली मुलं वस्तू बनवून विकतात, त्यावर "लोक दयेपोटी घेतात, मुलं त्यातून शिकत काहीच नाहीत" असं काही जण म्हणतात. पहिला अर्धा भाग पटतो, दुसरा अजिबात नाही. माझा भाचा कोल्हापुरातल्या बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळेत जातो. तिथं मुलं कांदा-लसूण चटणीची पाकिटं भरून शाळेच्याच स्टॉलवर विकतात. त्याला आकडे वाचता येत नाहीत. बाईंनी 200 ग्रॅमचं पाकीट ठेवून वजनकाट्यावर काटा येतो तिथं लाल पट्टी चिकटवली. पैशांसाठी पुठ्ठ्यावर रंगांचे चौकोन केले: 200 ची नोट पिवळी, 100 ची जांभळट, 50 ची निळी. नोट रंगाशी जुळवायची, त्याच रांगेत चिकटवलेल्या नोटांच्या चित्रांप्रमाणे सुट्टे द्यायचे. हे बसायला आठ महिने लागले, पण आता दिवाळीच्या गर्दीतही गल्ला तोच सांभाळतो.

आणखी एक, या मुलांच्या नोकरीबद्दल. अपंग व्यक्तींसाठीच्या 1995 च्या कायद्यातल्या सरकारी नोकरीच्या 3% आरक्षणात ही मुलं नव्हतीच. 2016 च्या कायद्यानं ते 4% झालं आणि बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम) त्यात आली. त्यासाठी लागणारं भाच्याचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आम्ही फार उशिरा काढलं. तुमच्या घरी असं मूल असेल तर ते आधी काढा.