[मंडळ] आप्पांचा पाम संगणकाला दिसत नाही

प्रेषक: निपाणीची लेक, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीची चर्चा ऐन रंगात आली असताना मध्येच हा विषय काढतेय. पण जुनी यंत्रं जपून ठेवणारे आपल्यात बरेच आहेत, म्हणून इथेच विचारते.

आप्पांची निपाणीत तंबाखूची वखार होती. धंदा केव्हाच बंद केला, पण माणसं सुटलेली नाहीत, आणि ती सगळी माणसं एका पाम टंगस्टन ई मध्ये, म्हणजे हातात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डायरीत आहेत. 2003 साली बाजारात आलेलं हे मॉडेल मीच इथून नेऊन दिलं होतं. गळतगा, अक्कोळ, सौंदलगा, कोगनोळी, पलीकडे पार कागलपर्यंतचे शेतकरी, ट्रकवाले, हमाल. एकेका नावापुढे दोन-दोन मोबाईल. आमच्याकडे फोनने सीमेपलीकडचा टॉवर पकडला की रोमिंग लागायचं, म्हणून लोक कर्नाटक-महाराष्ट्र दोन्ही राज्यांची सिमं बाळगायचे. कुठला नंबर कुठल्या बाजूचा, तेही आप्पांनी लिहून ठेवलंय.

जुना एक्सपीवाला संगणक गेला. नवा विंडोज 10, 64 बिटचा. भाच्याने जुन्या सीडीवरून पाम डेस्कटॉप (पामचा संगणकावरचा प्रोग्राम) घातलं, वायर जोडली, पण टिंग असा आवाजसुद्धा येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या विंडोजमधल्या यादीत, काही नाही. बेळगावात एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं, तो म्हणाला यूएसबी पोर्ट गेलाय, टाकून द्या. हे खरं असू शकतं का?

---

प्रेषक: चंदगडचे काका, टोरोंटो

ताई,

पोर्ट गेला असेलही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं अजिबात सिद्ध होत नाही. माझा अंदाज, पोर्ट धडधाकट आहे.

पेनड्राइव्ह लावला की संगणकाला लगेच कळतं. पामचं तसं नाही. नुसती वायर जोडली तर तो यूएसबीवर गप्प बसतो. हॉटसिंक, म्हणजे पाम आणि संगणकातली माहिती जुळवणं, सुरू केलं की तेवढ्यापुरता संगणकाला "मी आहे" म्हणून सांगतो, आणि काम झालं किंवा वाट बघून कंटाळला की पुन्हा नाहीसा होतो. म्हणजे हॉटसिंक न दाबता डिव्हाइस मॅनेजर बघितला तर चांगला पामही दिसणार नाही. तुमच्या दुरुस्तीवाल्याने नेमकं हेच केलं असणार. टंगस्टन ई सोबत बटणवाला पाळणा (क्रेडल) येत नाही, साधी मिनी यूएसबी वायर येते. त्यामुळे दाबायचं ते पडद्यावरच: हॉटसिंकच्या चित्रावर टेकवा, लोकल निवडा, खाली क्रेडल/केबल असू दे, इन्फ्रारेड नको, मग मधला गोळा दाबा.

दुसरी गोष्ट वायरची. कॅमेऱ्याबरोबर, स्पीकरबरोबर आलेल्या मिनी यूएसबी वायरी घरोघरी पडलेल्या असतात. त्यातल्या काहींत फक्त वीज जाते, माहितीच्या तारा आत नसतातच. ती वायर कॅमेऱ्यातले फोटो संगणकावर घेते का बघा. घेत असेल तर वायर ठीक. आणि जोडताना डब्याच्या मागच्या पोर्टला जोडा, हबला नको.

हे सगळं जमलं तरी 64 बिट विंडोजवर तुम्ही अडणारच आहात. पाम डेस्कटॉपबरोबर आलेला यूएसबी ड्रायव्हर (संगणकाला यंत्राशी बोलायला लावणारा छोटा प्रोग्राम) 32 बिटचा, तो 64 बिट विंडोज उचलत नाही. त्याला वाट आहे, पण ती नंतर.

कारण या सगळ्याच्या आधी बॅटरी. टंगस्टन ई मध्ये पत्ते, टिपणं, सगळं रॅममध्ये राहतं. बॅटरी पूर्ण उतरली की पाटी कोरी. पुढच्या टी5, ई2, टीएक्स या मॉडेलांत ही भानगड मिटली, पण तुमचं त्याआधीचं आहे. आणि यूएसबीच्या वायरीने हे चार्ज होत नाही, त्याचा चार्जर वेगळा, गोल पिनचा. भाच्याला सांगा, बाकी सगळं राहू दे, आधी चार्जर लावून ठेव. आज सांगा. तिकडे आता सकाळ होत असेल.

---

प्रेषक: आत्याचा भाचा, निपाणी

काका नमस्कार, आत्याने मला लिस्टवर घेतलंय.

चार्जर लावलो. बॅटरीचं चित्र निम्म्याच्या खाली होतं, आता भरलंय. लाईट गेली तरी चालावं म्हणून इन्व्हर्टरच्या पॉइंटला लावून ठेवलोय. आजोबा शेजारी खुर्ची टाकून बसलेत, कुणाला हात लावू देईनात.

तुम्ही सांगितल्यासारखं पडद्यावर हॉटसिंक दाबलो आणि डिव्हाइस मॅनेजर उघडा ठेवून बघितलो. "अदर डिव्हायसेस" खाली पाम हँडहेल्ड म्हणून पिवळ्या खुणेचं आलं की वो! थोड्या वेळाने गेलं. परत दाबलो, परत आलं. म्हणजे पोर्ट चालतोय नव्हं?

अजून एक. खालच्या पट्टीतल्या हॉटसिंकच्या चित्रावर राइट क्लिक करून कस्टम उघडलो. तिथं कॉन्टॅक्ट्सपुढे "डेस्कटॉप ओव्हरराइट्स हँडहेल्ड" असं दिसतंय. हे मी केलेलं नाही. दुकानात कुणीतरी केलं असेल. बदलू का तसंच सोडू?

---

प्रेषक: चंदगडचे काका, टोरोंटो

थांब! पाम जोडू नकोस.

पोर्ट चालतोय, शंका नको. पण तू वाचलंस त्याचा अर्थ असा: संगणकात जे आहे ते खरं, पाममधलं पुसून त्या जागी ते भरा. आणि संगणकात काय आहे? नवं कोरं पाम डेस्कटॉप, एकही नाव नाही. ड्रायव्हर नसल्यामुळेच आजोबांचे पत्ते वाचलेत. त्या दुकानदाराला ड्रायव्हर सापडला असता तर सगळं साफ झालं असतं.

एरवी ही निवड एकाच सिंकपुरती असते, नंतर ते आपोआप "सिंक्रोनाइझ" वर परत येतं. पण "सेट ॲज डिफॉल्ट" वर खूण केली असेल तर दर वेळी तेच. तिथं "हँडहेल्ड ओव्हरराइट्स डेस्कटॉप" कर. कॅलेंडर, टिपणं, सगळ्यांपुढे एकेक करून बघ.

माझं मत विचाराल तर आता सिंक करूच नका. सिंक म्हणजे दोन्हीकडचं जुळवणं, आणि जुळवण्यात कुणाचं तरी पुसलं जाऊ शकतं. आधी नुसती नक्कल काढा. मेलबर्नच्या ताई लिनक्सवर असलं काम करतात, त्यांनी सांगावं.

---

प्रेषक: टिळकवाडीची, आता मेलबर्न

काकांशी सहमत. नक्कल आधी.

भाऊ, तुझ्या विंडोजला हात लावू नकोस. पामची माहिती दाखवणारं जे-पायलट आणि ती उतरवून घेणारं पायलट-लिंक आत असलेलं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी प्रणाली) पेनड्राइव्हवर घालून त्यावरून संगणक चालू कर. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, पामसाठी व्हायझर नावाचा ड्रायव्हर पूर्वीपासून आहे. हँडस्प्रिंगचं व्हायझर 1999 मध्ये यूएसबी घेऊन आलं, त्यावरून ते नाव. 64 बिट असलं तरी अडत नाही.

तू पाममध्ये हॉटसिंक दाबलंस की दोन पोर्ट उगवतील, टीटीवायच्या पुढे यूएसबी 0 आणि यूएसबी 1. सिंकसाठी साधारणपणे दुसरा, म्हणजे 1. दोन्ही हॉटसिंक चालू असेपर्यंतच असतात, त्यामुळे आधी कमांड लिहून ठेव, मग पाममध्ये दाब, मग एंटर. उलटं केलंस तर "असं पोर्ट नाही" म्हणून सांगेल. "परवानगी नाही" म्हणालं तर आपलं नाव डायलआउट गटात घाल, किंवा रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालव.

पायलट-लिंकमधल्या पायलट-एक्सफर या कमांडला पोर्ट दे, बॅकअपचा पर्याय दे आणि रिकाम्या फोल्डरचं नाव दे. तो पाममधली एकेक फाइल जशीच्या तशी उचलून आणतो. जुळवाजुळव नाही, कुणी कुणाला पुसत नाही. तो फोल्डर लगेच दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाक आणि आत्याला मेल कर.

आणि यूएसबीने दगा दिलाच, तर वरच्या खाचेत एसडी कार्ड चालतं. कार्डावर पाम नावाचा फोल्डर, त्यात लाँचर नावाचा, त्यात फाइलझी हा फाइली हाताळायचा प्रोग्राम ठेवलास तर तो पाममध्ये न घालता थेट कार्डावरून चालतो, आणि त्यातून पत्त्यांची फाइल कार्डावर घेता येते. कार्ड मात्र 2 जीबी किंवा त्याहून लहान, जुन्या पद्धतीचं. हल्लीची एसडीएचसी त्याला वाचता येत नाहीत. बेळगावात कॅमेरे विकणाऱ्या जुन्या दुकानांत विचारून बघ, त्यांच्या ड्रॉवरमध्ये असलं काहीतरी सापडतं.

---

प्रेषक: आत्याचा भाचा, निपाणी

ताई, कार्ड लागलंच नाही. फोल्डर भरला! भराभर नावं येत गेली. आत्याला मेल केलोय.

पण जे-पायलट उघडून बघितलो तर पत्ते रिकामे. कॅलेंडर रिकामं. आजोबांचं तोंड बघवेना.

---

प्रेषक: टिळकवाडीची, आता मेलबर्न

आजोबांना सांग, काही गेलेलं नाही. तू पाठवलेल्या यादीत ॲड्रेसडीबी अगदी लहान आहे आणि कॉन्टॅक्ट्सडीबी चांगली मोठी. टंगस्टन ई आणि टी3 पासून पामने पत्त्यांचं आणि कॅलेंडरचं घर बदललं, जुनं फक्त जुन्या प्रोग्रामांसाठी ठेवलं. तुझं जे-पायलट जुन्या घरात बघतंय. प्रेफरन्सेसमध्ये जा, डेटाबेसची आवृत्ती विचारली आहे तिथे ॲड्रेसऐवजी कॉन्टॅक्ट्स, डेटबुकऐवजी कॅलेंडर, मेमोऐवजी मेमोज निवड. एकदा बंद करून उघड.

मग एक्सपोर्टमध्ये व्हीकार्ड निवड. ती फाइल फोनमध्ये टाकलीस की सगळी माणसं फोनवर.

---

प्रेषक: निपाणीची लेक, न्यू जर्सी

मंडळी, आले! सगळे आले. व्हीकार्ड मीही माझ्या फोनवर घेतली. ज्यांच्या ट्रकमधून मी लहानपणी कोल्हापूरला गेले ते मामासुद्धा त्यात आहेत, दोन्ही नंबरांसकट. टिपणांमध्ये आप्पांनी कुणाला किती उचल दिली त्याचा हिशेबही आहे. तो मी मंडळावर टाकणार नाही!

आता आप्पांचे दोन प्रश्न, भाच्याने फोनवर ऐकवले. एक, नावं मराठीत का नाहीत. दोन, फोन वापरणार नाही, पाम विंडोजला जोडून द्या.

---

प्रेषक: चंदगडचे काका, टोरोंटो

ताई, आप्पांना नमस्कार सांगा.

पहिल्याचं उत्तर सोपं. पामच्या आपल्या पत्त्यांत देवनागरीची सोय नव्हती, रोमन अक्षरंच. मराठी हवं तर ते फोनवर. आप्पांना ते पटणार नाही, तेव्हा सांगू नका.

दुसऱ्यासाठी: न्यूझीलंडची असीका नावाची कंपनी पाम ओएसवर चालणारी यंत्रं बनवायची. तिने 64 बिट विंडोजसाठी काढलेला यूएसबी ड्रायव्हर पामलाही चालतो. भाऊ, तो उतरवून एका फोल्डरमध्ये मोकळा कर. पाममध्ये हॉटसिंक दाब, पिवळी खूण आली की तिच्यावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, आणि तो फोल्डर दाखव. मध्येच पाम नाहीसा झाला तर घाबरू नकोस, परत दाबून पुढे चालू ठेव. ड्रायव्हर बसला की हॉटसिंक मॅनेजरच्या चित्रात लोकल यूएसबीवर खूण आहे का बघ. मग पहिलं सिंक. युझरचं नाव विचारलं तर पामवर हॉटसिंकच्या पडद्यावर कोपऱ्यात जे नाव दिसतं तेच दे, नवं बनवू नकोस.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये "वीज वाचवण्यासाठी हे बंद करू द्या" अशी खूण असते, ती काढ. नाहीतर आज चाललेलं उद्या चालणार नाही आणि कारण कळणार नाही.

---

प्रेषक: आत्याचा भाचा, निपाणी

काका, झालं. कस्टममध्ये सगळ्यांपुढे "हँडहेल्ड ओव्हरराइट्स डेस्कटॉप" करून डिफॉल्ट केलोय. आजोबा लिहितात ते पाममध्येच, संगणकावर कुणी लिहीत नाही, म्हणून तेच बरं वाटलं. पाम कोरा झाल्याशिवाय ते बदलायचं नाही, आणि तसा झाला तर तुम्हाला विचारल्याशिवाय जोडायचा नाही, असं चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलोय. जुनी बॅटरी चार्जर काढला की संध्याकाळपर्यंत टिकते. नवी मिळत असेल तर कुणीतरी तिकडं बघा.