दर महिन्याला एक दशक: मित्रांसोबत वर्षभराचं वाचन असं आखावं का?

पानखूण

नवीन वर्षासाठी सहा जणांच्या गटाचा आराखडा मांडतो आहे. कच्चे दुवे आत्ताच सापडावेत म्हणून तो इथे टाकतो.

विषय एकच, मराठी पुस्तकं. दर महिन्याला एक दशक. जानेवारीत १८८० चं, फेब्रुवारीत १८९० चं, असं करत डिसेंबरात १९९० चं. नियम तीन. पुस्तक त्या दशकात पहिल्यांदा छापलेलं हवं. ज्याने त्याने आपापलं निवडायचं, पण एकाच महिन्यात दोघांनी एकच पुस्तक घ्यायचं नाही. आणि शेवटच्या रविवारी दोन तास बसायचं, प्रत्येकाला वीस मिनिटं.

एरवीच्या वाचन-आव्हानांमध्ये एक रहस्यकथा, एक चरित्र, एक निळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक अशी यादी असते. बारा खुणा होतात, पण एका पुस्तकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो. दशकांच्या क्रमात तो आपोआप येतो. ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मध्ये लिहिली ती सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याने संतापून. पुढच्याच महिन्यात हरिभाऊ आपट्यांची कादंबरी 'पण लक्षात कोण घेतो' घ्या, विधवेच्या जगण्याचा तोच प्रश्न घराच्या आतून येतो. जूनमध्ये विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) हातात येतं तेव्हा शिकलेली, नोकरी करणारी मुलगी बोलत असते. ही पन्नास वर्षं अंगावर यायची असतील तर ती क्रमानेच वाचायला हवीत. वर्षाअखेर सहा जणांत मिळून ७२ पुस्तकं होतात.

मलपृष्ठ

क्रमाबद्दल वाद नाही. माझा विरोध दुसऱ्या नियमाला आहे, आणि तो ठाम आहे.

सहा जणांनी सहा वेगळी पुस्तकं वाचली की रविवारची बैठक म्हणजे सहा सारांश. एक जण बोलतो, पाच जण माना डोलावतात. त्यांनी ते पुस्तक वाचलेलंच नसतं, मग खोडून काय काढणार? पहिले दोन महिने नवलाई असते. तिसऱ्या महिन्यापासून लोक वीस मिनिटांचं भाषण तयार करायला कंटाळतात, आणि पुस्तक अर्धवट राहिलेला माणूस बैठकच चुकवतो. गट मोडतात ते इथेच.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चंच घ्या. मास्तर गावाला हाताशी धरून तालीम बांधून घेतो, आणि पुढे दुष्काळात गावच उठून जातं. मग मास्तरचं काम वाया गेलं का? यावर सहा जण दोन तास भांडू शकतात, पण सहाही जणांनी ती शेवटची पानं वाचलेली असतील तरच.

म्हणून दर महिन्याला एक सामाईक पुस्तक, दोनशे पानांच्या आतलं. ज्याला हुरूप आहे त्याने त्याच दशकातलं दुसरंही वाचावं, त्याला पाच मिनिटं द्यावीत. आठ दिवस आधी दोन प्रश्न सगळ्यांना पाठवायचे. 'आवडलं का' हा प्रश्न नको, त्याला हो-नाही एवढंच उत्तर येतं. प्रश्न एखाद्या प्रसंगावर बांधलेला हवा. आणि बैठकीत ज्याला पुस्तक पटलेलं नाही त्याने आधी बोलायचं. कौतुकाने सुरुवात झाली की नावडलेली माणसं गप्प बसतात.

जुनी_आवृत्ती

'त्या दशकात पहिल्यांदा छापलेलं' हा नियम दिसतो तितका सोपा नाही. पहिल्या तीन महिन्यांतच तो अडवणार.

हरिभाऊंची कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती, पुस्तक झालं १८९३ मध्ये. इथे दोन्ही वर्षं एकाच दशकात पडतात, सुटलात. पण १९०० च्या दशकासाठी गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' निवडलात तर? प्रवास १८५७ च्या बंडाच्या धामधुमीतला, लेखन १८८३ चं, आणि छापलं गेलं १९०७ मध्ये. तेही चिं. वि. वैद्यांनी फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली १९६६ मध्ये. मग हे पुस्तक कुठल्या महिन्यातलं? आणि गटात तिघांकडे एक पाठ, तिघांकडे दुसरा असेल तर बैठकीत एकमेकांची वाक्यं जुळणार नाहीत. तेव्हा यादीत नुसतं नाव लिहू नका. नाव, संपादक आणि पहिल्या छपाईचं वर्ष असे तीन रकाने करा.

वर्ष शोधायचं ते शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला. 'पुनर्मुद्रण'समोरचं वर्ष घेऊ नका, 'प्रथमावृत्ती'समोरचं घ्या. जुन्या पुस्तकांवर बरेचदा फक्त शक असतो, त्यात ७८ मिळवायचे. शके १८२९ म्हणजे १९०७. पौष-माघात छापलेलं असेल तर एका वर्षाचा फरक पडतो, आणि दशकाच्या काठावरच्या पुस्तकाला तो नडतो.

दुसरं, सुरुवात १८८० पासून करू नका, उलटे जा. जानेवारीत 'झाडाझडती' किंवा १९९० नंतरचं काहीही हातात द्या आणि डिसेंबरात ताराबाईंकडे पोचा. जुन्या गद्याची सवय नसलेला माणूस पहिल्याच महिन्यात दमतो. १९६२ पूर्वीच्या छपाईत 'त्यानें', 'घरांत', 'मीं', 'कांहीं' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार जागोजाग असतात आणि वाक्यं अर्धा-अर्धा परिच्छेद चालतात. डोळा तिथे अडखळतो.

पानखूण

तीन रकाने मान्य. नियमही बदलतो, पुस्तकरूपाने पहिल्यांदा छापल्याचं वर्ष धरू. 'माझा प्रवास' १९०७ मध्येच ठेवू, पण पाठ पोतदारांचा आणि सगळ्यांचा एकच.

उलटं जाणं मात्र मान्य नाही. दया पवारांचं दलित आत्मकथन 'बलुतं' (१९७८) आधी आणि बाबुराव बागुलांचा कथासंग्रह 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) नंतर वाचला तर बागुलांनी कुठली कोंडी फोडली ते दिसतच नाही, कारण फुटलेली वाट आपण आधीच चालून आलेलो असतो. अनुस्वारांच्या अडखळण्यावर उपाय आहे. पहिली दहा पानं मोठ्याने वाचायची. न उच्चारला जाणारा अनुस्वार तोंडात येतच नाही, लांब वाक्य श्वासाच्या जागी आपोआप तुटतं, आणि अकराव्या पानापासून मनातल्या मनात वाचायला लागलं की अडथळा बराच कमी झालेला असतो. जानेवारीची पहिली बैठक महिनाअखेर न ठेवता ५ तारखेच्या आत घ्या, आणि ही दहा पानं एकत्रच वाचा. 'तुलना' तशीही पन्नासेक पानांचंच पुस्तक आहे.

कोरा_कागद

सगळे पुस्तकांवर बोलत आहेत, तासांवर कुणीच नाही. आव्हान कोसळतं ते वेळेच्या हिशेबावर.

आधी प्रत्येकाने स्वतःचा वेग मोजावा. फोन दुसऱ्या खोलीत, वीस मिनिटांचा गजर, आणि किती पानं झाली ते पाहायचं. समजा बारा झाली. तासाला छत्तीस. आठवड्याचे पाच दिवस अर्धा तास धरला तर महिन्याला दहा तास, म्हणजे ३६० पानं. हे कागदावरचं. पाहुणे, आजारपण, प्रवास यांसाठी तिसरा हिस्सा वजा करा, उरतात २४०. जुन्या गद्यासाठी आणखी तिसरा हिस्सा काढा, १६०. म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांत दीडशेच्या वरचं पुस्तक सामाईक ठेवायचंच नाही. हरिभाऊंची कादंबरी या हिशेबात एका महिन्यात बसत नाही. एक तर दोन महिने द्या, नाही तर निवडक प्रकरणं आधी नक्की करा.

आणि बारा महिने धरूच नका. मार्चमध्ये वार्षिक हिशेब आणि मुलांच्या परीक्षा. दिवाळीच्या महिन्यात तर पुस्तक घरात असूनही वाचलं जात नाही, कारण दिवाळी अंक आलेले असतात. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही सवय आहे, तिच्याशी भांडून उपयोग नाही. तो महिना अंकांनाच द्या, सहा जणांनी सहा वेगळे अंक घेऊन फिरवा. मार्चमध्ये कविता ठेवा. जाड पुस्तक मे महिन्यात. दहा महिने आखा, दोन मोकळे सोडा. मागे पडलेल्याला गट सोडावासा वाटतो तो मागे पडल्यामुळे नाही, गाठण्याची जागाच ठेवलेली नसते म्हणून.

सोबतवाचक

सामाईक पुस्तकाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी सहा प्रती कुठून आणायच्या तेही सांगावं. विकत घ्यायच्या तर वर्षाचा खर्च बराच. वाचनालयात जुन्या पुस्तकाची एखादीच प्रत असते, आणि सहा जण एकामागोमाग नंबर लावणार. पानखूण यांच्या मूळ नियमात, सहा वेगळ्या पुस्तकांत, ही अडचणच येत नाही. तो नियम मला म्हणूनच बरा वाटतो.

वाचनालयात जाताना नुसतं 'जुनं काही आहे का' विचारू नका. तीन रकान्यांची ती यादीच ग्रंथपालांना दोन महिने आधी द्या. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. अशा ठिकाणी जुना साठा असतो, पण दुर्मीळ प्रती घरी देत नाहीत, तिथेच बसून वाचाव्या लागतात. पिवळ्या, ठिसूळ पानांची झेरॉक्स काढायला जाऊ नका. पुस्तक काचेवर पालथं दाबलं की शिवण सुटते आणि पानाचे कोपरे तुटून हातात येतात.

स्कॅन फिरवण्याबद्दल. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो, आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. हरिभाऊ आपटे (१९१९), रमाबाई रानडे (१९२४), माधव जूलियन (१९३९), साने गुरुजी (१९५०), मर्ढेकर (१९५६) यांचं त्यांच्या हयातीत छापलेलं साहित्य मुक्त आहे. विश्राम बेडेकर (१९९८) आणि व्यंकटेश माडगूळकर (२००१) यांचं नाही, त्यामुळे 'रणांगण' आणि 'बनगरवाडी'चे स्कॅन गटात टाकणं चूक आहे. मुक्त पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा मात्र संपादकाच्या असतात, त्यांचा हक्क वेगळा.

मलपृष्ठ

सहा प्रती लागतच नाहीत. एक प्रत सहा जणांत महिनाभर फिरवली तर प्रत्येकाला पाच दिवस मिळतात, ते अशक्य. पण पुस्तक दोन महिने आधी जाहीर करा आणि दोन प्रती घ्या. एका प्रतीमागे तीन माणसं, साठ दिवस, प्रत्येकी वीस दिवस. 'रणांगण' एवढं पुस्तक वीस दिवसांत आरामात होतं. ज्याने सर्वांत आधी वाचलं तो बैठकीपर्यंत विसरणार, म्हणून त्याने पान क्रमांकांसह दहा ओळींची नोंद करून ठेवायची आणि प्रश्नही त्यानेच काढायचे. त्याच्याकडे वेळ सर्वांत जास्त असतो.

काठावरची_टीप

माझा विरोध मुळालाच आहे. छपाईचं वर्ष ही चौकटच ज्यांच्या हाती छापखाना होता त्यांच्या सोयीची आहे.

बहिणाबाई चौधरींच्या ओव्या शेतात आणि जात्याजवळ कित्येक वर्षं गायल्या जात होत्या. बहिणाबाई गेल्या १९५१ मध्ये, पुस्तक आलं १९५२ मध्ये. तुमच्या नियमाने त्या १९५० च्या दशकात, 'बनगरवाडी'शेजारी. मुक्ता साळव्यांचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ चा, 'ज्ञानोदय'मध्ये आलेला. तो १८८० च्या आधीचा आणि पुस्तक नसलेला, म्हणून बाहेरच. दलित आत्मकथनं ऑगस्टनंतर एकदम दोन-तीन महिन्यांत, जणू त्याआधी ती माणसं जगतच नव्हती.

वर्ष प्रदेशाने आखा. माणदेश, खानदेश, कोकण, मराठवाडा, विदर्भ, गोवा, प्रत्येकाला दोन महिने. पहिल्या महिन्यात जुनं, दुसऱ्यात नवं. क्रमही राहतो, आणि एकाच मातीतली दोन माणसं शेजारी बसतात. बोलीतले शब्दही दुसऱ्या महिन्यापर्यंत ओळखीचे होतात. खानदेशच्या महिन्यात लागलेला शब्दार्थांचा वेळ पुढच्या महिन्यात वाचतो, हा कोरा_कागद यांच्या हिशेबातही फायदाच आहे.

पानखूण

सुधारलेला आराखडा असा. एक सामाईक पुस्तक, दोन प्रती, दोन महिने आधी जाहीर. दिवाळीचा महिना अंकांना, एक महिना मोकळा. त्यासाठी १८८० आणि १८९० एकत्र करतो: 'तुलना' पूर्ण आणि हरिभाऊंची ठरवलेली प्रकरणं. १९०० आणि १९१० सुद्धा एकत्र: 'माझा प्रवास' सामाईक, रमाबाई रानड्यांच्या 'आठवणी' (१९१०) हुरूप असलेल्यांसाठी. १९२० चं दशक मार्चमध्ये येतं, तिथे माधव जूलियनांचं 'विरहतरंग' (१९२६). खंडकाव्य आहे, दोन बैठकींत मोठ्याने वाचून होतं. १९४० साठी मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७), तिथेही पानं कमी, वेळ जास्त.

प्रदेशाची मांडणी चांगली आहे, पण माणदेश किंवा गोव्यासाठी जुन्या काळातलं, दीडशे पानांतलं, सहज मिळणारं पुस्तक शोधणं अवघड आहे. मुक्ता साळव्यांचा निबंध जानेवारीत 'तुलना'च्या आधी घेतो. दोन-तीन पानांचा आहे, नियम त्याच्यासाठी मोडतो.

काठावरची_टीप

एकासाठी मोडलात, मग बहिणाबाईंसाठीही मोडा. १९५२ म्हणून त्यांना जूनमध्ये टाकाल तर मार्चमध्ये 'विरहतरंग'शेजारी त्यांचा आवाज असणार नाही, आणि गट असंच समजेल की १९२० च्या दशकात मराठी कविता पुण्यात रविकिरण मंडळ या कवींच्या गटाच्या बैठकीतच होती. दोन्ही एकाच रविवारी मोठ्याने वाचा, आधी बहिणाबाई. अहिराणी-वऱ्हाडी वळणाचे शब्द कुणाला तरी आधी विचारून घ्या, नाहीतर बैठकीतला अर्धा तास 'घरोटा' म्हणजे जातं हे सांगण्यातच जाईल.