पूर्व भागाचं मत एकगठ्ठा नाही

वर कुणीतरी लिहिलंय की सोलापूरचा पूर्व भाग, म्हणजे तेलुगू भाषक विणकर-विडी कामगारांची वस्ती, समाज ठरवेल तिकडे एकगठ्ठा जाते. माझं अर्धं आयुष्य साखर पेठेत गेलंय, मला तरी हे पटत नाही.

माकपचे कामगार नेते नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तरांचंच बघा. १९७८, १९९५ आणि २००४ असे तीनदा आमदार झाले, तेही लाल बावट्यावर, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाकडून. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या रे नगरात कामगारांसाठी तीस हजार घरांची योजना त्यांनी रेटली. जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या द्यायला खुद्द मोदी आले. आणि त्याच वर्षी विधानसभेला मास्तर पडले! सोलापूर शहर मध्य मतदारसंघातून भाजपचे देवेंद्र कोठे निवडून आले. त्याआधी मे महिन्यातल्या लोकसभेच्या मतदानात याच सोलापूर मतदारसंघानं काँग्रेसच्या प्रणिती शिंदेंना खासदार केलं होतं. मग गठ्ठा कुठला?

आमच्या शेजारच्या अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. मी विचारलं, तर पान कातरता कातरता म्हणाल्या, "मजुरीचं भांडायला लाल बावटा. मत कुणाला ते कशाला सांगू रे तुला?" मोर्चाला हजर, मतपेटीत गैरहजर, अशी कितीतरी घरं आहेत. (मतपेटी आता कुठे राहिली म्हणा.)

शिवाय पोरं कामाला पुण्या-हैदराबादला. मतदानाला सगळी थोडीच येतात? जातीच्या गणितात हे कुणी धरतच नाही.