उत्तर: शनिवारच्या बारमधलं पिस्तूल

नमस्कार मंडळी,
शनिवारी नाटकाची तालीम आटोपून आम्ही सात-आठ जण बारमध्ये गेलो. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने जाकीट काढलं, तर कमरेला पिस्तूल! वेट्रेस म्हणाली, ‘पोलिस आहे तो, आज ड्युटी नाही.’ पुढ्यात बिअर होती. व्हर्जिनियात पिस्तूल जवळ ठेवून पिता येत नाही ना? मग त्याला कसं चालतं?
– तालमीतली एक

---

ताई,
समजूत बरोबर आहे, पण ती तुमच्या-आमच्यापुरती. २०१० साली व्हर्जिनियाने परमिटवाल्यांना लपवलेलं पिस्तूल घेऊन दारू मिळणाऱ्या रेस्टॉरंटात जायची मुभा दिली. अट एकच, तिथे थेंबभरही प्यायची नाही. प्यायलात तर गुन्हा. (त्याआधी उघडं लटकवलेलं चालायचं, लपवलेलं नाही. म्हणजे दारात कोट मागे सारला की झालं!) पण त्याच पोटकलमाच्या शेवटी म्हटलंय की यातलं काहीही केंद्र, राज्य किंवा स्थानिक पोलिसांना लागू नाही. तुम्ही पाहिलेली बिअर त्या शेवटच्या वाक्यात बसते.

शिवाय २००४ चा केंद्राचा कायदा आहे, ‘लिओसा’. धाकट्या बुशची सही आहे त्यावर. त्यामुळे पोलिसाला सुट्टीतही, कुठल्याही राज्यात, लपवलेलं पिस्तूल बाळगता येतं. खात्याचं फोटो ओळखपत्र जवळ हवं, नेमबाजीची चाचणी वेळोवेळी दिलेली हवी, आणि तो दारूच्या अमलाखाली नसावा. आता अमलाखाली म्हणजे किती? गाडी चालवणाऱ्याला रक्तातल्या दारूसाठी ०.०८ टक्क्यांचा आकडा आहे, इथे कायद्याने आकडाच दिलेला नाही.
– ग्रंथालयवाले काका

---

काका, म्हणजे चार बिअर झाल्या की लिओसा मोडला म्हणून त्याला पकडणार?
– धाकटी पाती

---

नाही रे, तिथेच सगळे फसतात. लिओसा कुणाला गुन्हेगार ठरवत नाही, तो फक्त छत्री धरतो. प्यायला की छत्री मिटते, आणि मग ज्या राज्यात उभा आहे तिथला पाऊस अंगावर. स्वतःच्या राज्यात पोलिसाला बहुधा राज्याचीच सवलत असते, त्यामुळे तो फारसा भिजत नाही. पण हाच गडी न्यूयॉर्कला फिरायला जाऊन झिंगला तर पंचाईत. तिथे परराज्याचं परमिट चालत नाही, आणि तिथले परमिटचे कडक नियम मोडीत काढणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या ‘ब्रुएन’ निकालानंतर केलेल्या कायद्याने बार हे बंदूकबंदीच्या जागांत घातलेत.

माझ्या मते खरा लगाम खात्याच्या नियमांचा. लिओसा राज्यांचे कायदे बाजूला सारतो, पण साहेबाचा हुकूम नाही. न्यूयॉर्कमध्ये २००६ साली शॉन बेलला लग्नाच्या दिवशी पहाटे पोलिसांनी ५० गोळ्या झाडून मारलं. ते साध्या वेशातले पोलिस ड्युटीवर होते, आणि वेश उघडा पडू नये म्हणून त्यांना दोन पेगांची मुभा होती! पुढच्याच वर्षी नियम आला: पोलिसाच्या गोळीने कुणी जखमी झालं किंवा मेलं, तर ड्युटी असो-नसो, त्याची श्वासचाचणी. संघटना कोर्टात गेली, नियम टिकला. पण तोही गोळी सुटल्यानंतरचाच.
– काका

---

काका, शेवटचं एक. बारमालक त्याला ‘पिस्तूल बाहेर ठेवून ये’ म्हणू शकतो का?
– तालमीतली

---

आपल्याकडे हो. खासगी मालकाचा नकार लिओसाने शाबूत ठेवलाय. टेक्सासात मात्र उलटं. ज्या बारचं ५१ टक्के किंवा जास्त उत्पन्न तिथल्या तिथे प्यायल्या जाणाऱ्या दारूचं, तिथे लाल ‘५१%’ ची पाटी असते, आणि परमिटवाल्याचं पिस्तूल दाराबाहेर. पोलिसाला मात्र, ड्युटीवर नसला तरी, २०१७ पासून मालक अडवूच शकत नाही.
– काका

---

आभार. दिवाळीच्या पार्टीसाठी हॉलवाल्याला ‘पिस्तूल बाहेर ठेवा’ अशी पाटी लावायला सांगते. आपल्या नाटकातल्या इन्स्पेक्टरने त्याचं प्लास्टिकचं पिस्तूल तेवढं गाडीतच ठेवावं.
– तालमीतली